गुळगुळीत दांडी

ताईच्या सत्तराव्या वाढदिवसाला मिस्त्रीने तिच्या पोपटासाठी नवा पिंजरा केला. पिंजरे बाजारात ढिगाने मिळत होते, पण ताईला विकतची वस्तू द्यायला त्याचं मन घेईना. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ताई सोळाची. शर्टाच्या बटणांपासून ते पहिल्या पटाशीपर्यंत त्याचं सगळं तिनेच पाहिलं होतं. तिचं लग्न राहून गेलं, त्यानेही केलं नाही. आता दोघंच उरली होती, पुढे सुतारखाना आणि मागे दोन खोल्या.

पोपटाला सगळे मुकादम म्हणत. सुतारखान्यात कुणी जरा हात थांबवला की तो मान तिरकी करून असा काही ओरडायचा की समोरचा माणूस निमूटपणे करवत उचलायचा. या मुकादमाला बसायला मिस्त्रीने सागवानाच्या तीन दांड्या लेथवर कातल्या. तिन्ही एकाच जाडीच्या होत्या, केसाचाही फरक नव्हता. मग तीन दिवस काचपेपरने घासून त्या इतक्या गुळगुळीत केल्या की बोट ठेवलं तर घसरावं. ताईने त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "धाकल्या, असं काम तू गिऱ्हाइकासाठीसुद्धा करत नाहीस."

"गिऱ्हाइकाने मला न्हाऊमाखू घातलंय का?" तो म्हणाला.

आठेक महिन्यांनी मुकादम नाचायला लागला. डावा पाय उचलायचा, टेकवायचा, मग उजवा. शेजारपाजारचे बघायला यायचे, टाळ्या वाजवायचे. ताई कौतुकाने मूठभर सूर्यफुलाच्या बिया घालायची. तो भराभर खायचा आणि पुन्हा नाचायचा. अंगानेही चांगला भरला होता.

मग एका सकाळी दांडी पुसताना मिस्त्रीच्या फडक्याला रक्ताचा ठिपका लागला. मुकादम तळाशी पोट टेकून बसला होता. ताईने पायात चपला सरकवल्या, त्याने पिंजरा उचलला, आणि चहा तसाच टाकून दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टर तिशीची मुलगी होती. तिने मुकादमाला टॉवेलात गुंडाळलं, उताणं केलं आणि त्याचे तळवे दिव्याखाली धरले. "बघा मावशी. इथे बारीक खवल्यांची नक्षी असायला हवी. ती झिजून गेलीय."

तळवा लालभडक आणि चकचकीत होता. डाव्या पायाला वाटाण्याएवढी गाठ होती आणि तिच्यावर काळी खपली.

"पण तो तर नाचत होता," ताई म्हणाली.

"दुखत होतं म्हणून पाय बदलत होता."

ताईने तोंडाला पदर लावला. मिस्त्रीला शेजाऱ्यांच्या टाळ्या आठवल्या आणि कान गरम झाले.

"कधी लागलं असेल याला?" त्याने विचारलं.

"एकदम काही लागलं नाही, काका. रोज थोडंथोडं लागलं." डॉक्टर स्टूल ओढून बसली. "जखम झाली की शरीर तिकडे मदत पाठवतं. रक्त वाढतं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी धावतात, म्हणून सूज येते. सूज वाईट नसते. काम झालं की ती मंडळी परत जातात. पण याच जागेवर रोज नवा दाब पडत राहिला, म्हणून ती परत गेलीच नाहीत. मग त्यांच्या झटापटीत आसपासचं धड मांसही खराब होतं, कातडी जाड होते, आत घट्ट पू साचतो. पुढे हाडापर्यंत जातं. वर्षानुवर्षं चाललं तर पायातलं दुखणं यकृतातही उतरतं. तिथे एक प्रथिन साठत जातं आणि मग आमच्याही हातात फारसं काही राहत नाही."

बोलता बोलता तिचं लक्ष पिंजऱ्याकडे गेलं. तिने दांडीवरून बोट फिरवलं. "कुणी केलीय ही?"

"मीच," मिस्त्री म्हणाला. एरवी हा शब्द तो छाती पुढे काढून म्हणाला असता.

"काम फार देखणं आहे," ती म्हणाली. "पण काका, झाडाची फांदी कधी अशी नसते. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे गाठ. पाखराचा पाय दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. इथे सगळा भार एकाच जागी येतो."

ताई पुढे झाली. "दांडी त्याची असली तरी बिया माझ्या होत्या. एवढं वजन मीच चढवलं ना?"

"दोघांनी लाडच केलेत," डॉक्टर म्हणाली. "आता जरा कमी करा."

मुकादमाच्या पायाचा एक्स-रे काढला, रक्त तपासायला गेलं. दोन दिवस दोघांचा जीव टांगणीला. पांढऱ्या पेशी खूप वाढल्या होत्या, पण हाड आणि यकृत अजून शाबूत होतं. डॉक्टरने गाठ कापून आतला पू काढला आणि पायाला गादीसारखी पट्टी बांधली. ती पट्टी एक दिवसाआड घरी बदलायची होती. ताई टॉवेल धरायची, मिस्त्री पट्टी सोडायचा आणि मुकादम दोघांनाही चावायचा. बियांच्या जागी गाजर, भोपळा आणि पालेभाजी आली. पहिल्या दिवशी मुकादमाने वाटीच उलटी केली.

रस्त्याकडेची झाडं छाटणाऱ्यांकडून मिस्त्रीने पेरूच्या फांद्या मागून आणल्या. गरम पाण्याने धुतल्या, उन्हात वाळवल्या. रंधा मारायला हात नुसते शिवशिवत होते. एक गाठ तर डोळ्यांत खुपत होती. पण सालही न काढता, वाकड्यातिकड्या होत्या तशाच त्या पिंजऱ्यात बसवल्या. उभ्या आयुष्यात त्याने इतकं ओबडधोबड काम केलं नव्हतं. जुन्या दांड्यांवरून ताई कधी वावगं बोलली नाही. एकदा त्यानेच विषय काढला, तेव्हा एवढंच म्हणाली, "तू सहा वर्षांचा असताना तापात मी तुला गोधडीत गुंडाळून घाम काढला होता, ताप उलट चढला. डॉक्टर मला किती ओरडले! तू वाचलास, एवढंच माझ्या लक्षात राहिलं."

चौथ्या महिन्यात डॉक्टरने शेवटची पट्टी सोडली. डाव्या पायाचं एक बोट ताठच राहिलं, ते आता वळणार नव्हतं. पण तळव्यावर नवी नक्षी उमटायला लागली होती. तिने भिंगातून दोघांनाही दाखवली. ताईने तिचे दोन्ही हात धरले आणि पोरी, तुझं भलं होवो, असं कितीदा तरी म्हणाली. मिस्त्री मात्र खोलीतल्या टेबला-कपाटांकडे बघत होता.

"दवाखान्यात काही मोडलंय का?" त्याने एकदम विचारलं.

डॉक्टर हसली. "टेबलाचा हा कप्पा. दोन वर्षं अडकतोय."

त्याने कप्पा बाहेर काढला, खिशातल्या पटाशीने दोन ठिकाणी तासला, मेणबत्ती घासली आणि परत बसवला. तिने एका बोटाने ढकलला. कप्पा आवाज न करता आत गेला. तिने पुन्हा उघडला, पुन्हा ढकलला, आणि म्हणाली, "काका, रोज सकाळी याच्याशी भांडून माझा दिवस सुरू व्हायचा हो!"

बाहेर आल्यावर ताईने त्याचा दंड धरला. पिंजरा जड होता, तिची चालही हळू होती. त्याला कसलीच घाई नव्हती.