दाढी अर्धी राहिली तेव्हा

मी एक जुनी खुर्ची आहे मित्रांनो. पण साहेबांची नव्हे, मंत्र्यांची तर मुळीच नव्हे. माझ्यासाठी कधी कोणी भांडले नाही. फार तर सुटीच्या दिवशी "आधी माझा नंबर होता" एवढीच काय ती कुरबूर. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे.

माझे पाय आणि हात ओतीव लोखंडाचे. बैठकीवर एका म्हाताऱ्या कारागिराने तपकिरी कातडे असे ताणून बसवले, की त्यावर सुरकुती शोधून सापडत नसे. बाजूचा दांडा दाबला की मी वर जायची, सोडला की हळूच खाली यायची. दुकानाचे मालक अप्पा. त्यांनी मला मोठ्या आरशासमोर उभे केले, स्वतः बसून एक गिरकी घेतली आणि म्हणाले, "झकास! आता हिच्यावर बसून माणूस झोपला नाही तर माझं नाव बदला." खरोखरच माणसे झोपत. लहान मुलांसाठी माझ्या हातांवर फळी आडवी टाकत. ती रडत, लाथा झाडत, पण गिरकी मिळाली की हसत.

पुढे अप्पांची नजर कमी झाली आणि वस्तरा त्यांच्या मुलाच्या हाती आला. गिऱ्हाइके त्याला दादा म्हणत. दादाचा हात पिसासारखा हलका होता. गालावरून वस्तरा फिरला कधी, हे कळायचेही नाही. माझे दिवस मोठ्या मानाचे होते.

मग ती सकाळ आली. शाळेतले एक गुरुजी माझ्यावर मान टेकून पडले होते. दाढी निम्मी झाली होती. अचानक दादाचा हात हवेतच थांबला. त्याने वस्तरा खाली ठेवला आणि माझी पाठ घट्ट धरली. त्याचा तळवा घामाने भिजला होता.

"गुरुजी, छातीत कसंतरी होतंय. श्वास पुरत नाही. मी काही वाचत नाही आता."

गुरुजी तसेच उठले आणि अर्ध्या गालावर फेस घेऊन दादाला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे म्हणे सगळे गुरुजींनाच पेशंट समजले!

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत होते. दादाने विचारले, "म्हणजे मी नाटक करतोय का?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्रास खरा असतो. तुम्ही मरणार, हे मात्र खरं नसतं. तो चढतो आणि आपोआप उतरतो."

हे सारे मला दादाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या बोलण्यातून कळले. दादाच्या डोक्याला ते पटले, शरीराला पटेना. झटके वारंवार येऊ लागले. आणि त्याहून वाईट म्हणजे, झटका आला नाही तरी 'आता येईल, मग येईल' अशी धास्ती त्याला दिवसभर पोखरायची. वस्तरा कोणाच्या गळ्यावर असताना आला तर? या विचाराने त्याने दाढी करणे सोडले. मग गर्दीच्या दिवशी दुकान उघडणे सोडले. शेवटी एके दिवशी शटर खाली आले ते वर गेलेच नाही.

अंधारात माझ्यावर धूळ साचली. कातड्याला चिरा पडल्या, दांडा गंजून अडकला. एकदाच शटर उघडले, तेव्हा एक अनोळखी गृहस्थ दुकान बघायला आले होते. मला बुटाच्या टोकाने ढकलून ते म्हणाले, "जागा बरी आहे. हे धूड तेवढं भंगारात घाला." दादा शटरची किल्ली बोटांत फिरवत राहिला. मला वाईट वाटले, पण त्याच्यावर राग आला नाही. त्याचा चेहरा आरशात मला दिसत होता. माझ्यापेक्षा तोच जास्त झिजला होता.

वहिनी मात्र बोलल्या. "थांबा हो जरा. आम्ही अजून ठरवलं नाहीये."

दुसऱ्या दिवशी दोघेच आले. डॉक्टरीणबाईंचे ऐकून वहिनींनी ठरवले होते की आज काम करायचे नाही, नुसते दुकानात बसायचे. दादा माझ्यावर बसला आणि थोड्याच वेळात त्याचे काळीज धडधडू लागले. ते माझ्या पाठीला जाणवत होते. तो उठू लागला.

"पळायचं नाही," वहिनी बाकावरूनच म्हणाल्या. "मी बोलू का गप्प बसू?"

"गप्प बस. पण जाऊ नकोस."

वहिनी बसून राहिल्या. दादा डोळे मिटून सावकाश श्वास सोडत राहिला. धडधड वाढली, आणखी वाढली, आता काही खरे नाही असे मलाही वाटले. आणि मग ती ओसरू लागली.

"गेला," दादा म्हणाला.

"चहा विचारायचा राहिलाच त्याला," वहिनी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी दादा हसला.

मग तो रोज येऊ लागला. त्याने माझ्या सांध्यांत तेल घातले, कातडे शिवून घेतले. आधी कात्री धरली. वस्तऱ्याची भीती जाईना, तेव्हा नवशिके करतात तसे त्याने केले. फुगा फुगवला, त्याला फेस लावला आणि त्याची दाढी सुरू केली. पहिला फुगा फटकन फुटला. आरसा, वहिनी, मी, सगळे फेसाने माखलो. एखादा दिवस हात मुळीच धजत नसे. त्या दिवशी तो वस्तरा नुसता पुसून ठेवायचा आणि घरी जायचा.

आणि एका दुपारी काठी टेकत अप्पा आले. त्यांची दाढी छातीवर रुळत होती. दादाने वस्तरा सोडल्यापासून त्यांनी दुसऱ्या कोणाला गालाला हात लावू दिला नव्हता. माझ्यावर बसून त्यांनी मान मागे टाकली. "कर सुरू."

"अप्पा, मध्येच झटका आला तर?"

"आला तर बघू. तू कर."

दादाने आधी कात्री चालवली, मग फेस लावला. दोन्ही गाल झाले. वस्तरा गळ्याशी आला आणि दादाचा श्वास अडखळला. त्याने वस्तरा बाजूला ठेवला.

"अप्पा, आलाय."

"कोण, गिऱ्हाईक?"

"झटका."

"मग बसव त्याला बाकावर. सांग, नंबर आहे."

"फेस वाळेल."

"वाळला तर परत लाव. मला कुठं लग्नाला उभं राहायचंय?"

दादा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. या वेळी त्याने मला आवळून धरले नाही, हात नुसता टेकवला. अप्पा डोळे मिटून स्वस्थ पडून होते. गळा उघडा होता आणि चेहऱ्यावर घाईचा मागमूस नव्हता. हळूहळू दादाचा हात कोरडा झाला. त्याने ब्रश भिजवला, नवा फेस केला आणि गळ्यापासून हनुवटीपर्यंत वस्तरा अलगद फिरवला. कुठे ओरखडासुद्धा नाही.

अप्पांनी गालावरून तळवा फिरवला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच करडा. "डाव्या कानाखाली राहिलंय."

"दिसलंय मला," दादा म्हणाला.

मित्रांनो, दादाला अजूनही कधीमधी झटका येतो. तो गिऱ्हाइकाला सांगतो, "जरा थांबा हं," आणि माणसे थांबतात. तुमच्याही घरात, वर्गात असे कोणी असेल. त्याला "उगाच काय घाबरतोस" म्हणू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि त्या घटकेला नुसते जवळ बसा. मला तेल लागते, कातडे लागते. माणसाला अशा वेळी दुसऱ्या माणसाची सोबत लागते. आणि ते माणूस तुम्ही स्वतःच असाल, तर कोणाला तरी सांगा. जवळ बसणारे माणूस सांगितल्याशिवाय कसे येणार?