नारायण पेठेतल्या भिंतीवरचा पाचवा चेहरा

“ही भिंत अगदी माझ्या सासरसारखी आहे. कितीही घाला, कोरडी ती कोरडीच.”

बांबूच्या परांचीवर बसलेली पद्मजा माझ्या अगदी कानाशी पुटपुटली आणि तिनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. सकाळपासून तिनं माझ्या अंगावर रंगाचे तीन हात दिले होते आणि ते तिन्ही मी पिऊन टाकले होते. यात माझा दोष नाही. माझ्या वयाच्या कुणालाही तहान फार लागते.

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. नारायण पेठेतल्या एका लहानशा प्राथमिक शाळेची, गल्लीकडे तोंड केलेली, दुमजली उंच भिंत. भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकलं असेलच. तोंड नसतं, याचा त्रास मात्र मला आजच्याइतका कधी झाला नव्हता.

स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झाली होती तेव्हा मला गेनबा गवंड्यानं उभी केली. गुडघ्यापर्यंत घडीव दगड, वर पक्की वीट. हात चांगला होता त्याचा. पण एक खोड होती. परांचीचे बांबू अडकवायला भिंतीत जी भोकं ठेवतात, ती काम संपल्यावर बुजवायची असतात. गेनबानं ती बुजवलीच नाहीत. हेडमास्तर रोज टोकायचे आणि तो रोज ‘उद्या करतो’ म्हणायचा. शेवटी त्यांनीच नाद सोडला. माझ्या अंगावर दोन दोन हातांच्या अंतरानं भोकं राहिली ती राहिलीच. त्यात चिमण्या राहिल्या, मुलांनी पेन्सिलीचे तुकडे लपवले. पेठेतली माणसं येता-जाता ‘अर्धवट भिंत’ म्हणायची. पेठेत कौतुकही साधारण याच भाषेत होतं, म्हणून मी फारसं मनावर घेतलं नाही.

मग आली एकसष्ट सालची ती जुलैची बारा तारीख. पानशेतचं धरण फुटल्याची कुजबुज सकाळीच पेठेत आली. शाळा सोडून दिली. शाळेच्या शिपायानं दाराला कुलूप घातलं आणि तो पाणी बघायला नदीवर गेला. पाणी येतंय म्हटल्यावर पळायचं सोडून आधी बघायला जाणारी माणसं ही, त्याला एकट्याला काय बोलायचं. पण सात मुलांना न्यायला घरून कुणी आलंच नव्हतं. ती बंद दाराच्या पायरीवर दप्तरं मांडीत घेऊन बसली होती.

पाणी गल्लीत शिरलं ते आवाज न करता. आधी चपला तरंगल्या. मग मुलं पायरीवर उभी राहिली. मग पायरी दिसेनाशी झाली.

समोरच्या घरात टेंबे राहायचे. त्यांची सून श्यामलाबाई तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उभी होती. तिचा मोठा मुलगा, आठ वर्षांचा श्रीधर, सोबत्यांना सोडून घरी न येता त्या सात मुलांतच बसून राहिला होता. श्यामलाबाईनं दुसऱ्या हातानं एका पाच वर्षांच्या पोरीचं मनगट घट्ट धरलं होतं. ती पोर शकू. शकूची आई सरुबाई टेंब्यांकडे भांडी घासायची, आणि त्या क्षणी ती छातीएवढ्या पाण्यातून माझ्याकडे येत होती.

तिच्या डोक्यावर सरपणाचा भारा होता. टेंब्यांच्या बंबासाठी फोडलेली जाड लाकडं. आधी मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. मग तिनं पहिलं लाकूड माझ्या भोकात खुपसलं, त्याच्या वर दुसरं, आणि त्याच्यावर चढून तिसरं. वरच्या वर्गाची खिडकी उघडी होती. तिथवर शिडी झाली. गेनबाच्या आळसाला त्या दिवशी मी पहिल्यांदा हात जोडले, म्हणजे असते तर जोडले असते.

एकेक मूल खांद्यावर बसवून तिनं पायरीपासून माझ्यापर्यंत आणलं. पाणी ओढत होतं. दोनदा तिचा पाय सुटला आणि दोनदा ती माझ्यावर आदळली. तिचं हाड मला लागलं, इतक्या जोरात. सगळ्यांत लहान आधी, मग त्याहून मोठं, असा तिनं क्रम लावला होता. समोरच्या खिडकीतून श्यामलाबाई ओरडत होती की श्रीधरला आधी घे, माझ्या श्रीधरला आधी घे. चार मुलं वर गेली तरी श्रीधर अजून पायरीवरच होता आणि पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. सरुबाईनं एकदाच मान वर केली.

“बाई, तुमचा उंच हाय,” ती म्हणाली. “दम धरा.”

श्रीधर सातवा निघाला. त्याच्या मागून सरुबाई चढली, आणि ज्या लाकडावर तिचा पाय होता ते पुढच्या क्षणी पाण्याखाली गेलं. पाणी खिडकीच्या खाली वीतभर राहिलं तेव्हा थांबलं. संध्याकाळपर्यंत ती सात मुलं तिच्या ओल्या लुगड्याला चिकटून वरच्या वर्गात बसली होती आणि ती त्यांना बेचा पाढा म्हणायला लावत होती. तिला स्वतःला तो पाचापर्यंतच येत होता.

इथवरची गोष्ट सांगायला मला अभिमान वाटतो. पुढची सांगायची तर माझा गिलावा सुटायला लागतो.

श्रावणात गल्लीतल्या बायकांनी सरुबाईचा सत्कार करायचं ठरवलं. माझ्याच पायाशी सारवलं, रांगोळी काढली, पाट मांडला. हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, सगळं ताटात तयार. फोटोवालाही आला. सरुबाई शकूला घेऊन आली, स्वच्छ धुतलेलं जुनेर नेसून. ती पाटाजवळ आली आणि बायकांचे हात एकदम थांबले. ओटी भरायची म्हणजे आधी कपाळाला कुंकू लावायचं, हे महिनाभर तयारी करताना कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आणि सरुबाईचा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती.

कुणी तो शब्द उच्चारला नाही. एकीनं ताटातला नारळ उगाच सरळ केला. दुसरीनं वाऱ्याकडे पाहून पदर घेतला. शेवटी सगळ्यांत वडील बाई होत्या त्या हळूच म्हणाल्या की श्यामला, तू बस पाटावर, तिच्या वतीनं. श्यामलाबाई दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा बसली. नको म्हणण्याचीही एक मोजदाद असते आपल्याकडे. तिचं कपाळ कुंकवानं भरलं, ओटी भरली, फोटो निघाला. सरुबाई माझ्याजवळ उभी होती. तिची पाठ मला टेकलेली होती, आणि ती पाठ इतकी ताठ होती की दोघींतली भिंत कोणती, असा मला प्रश्न पडला.

त्याच संध्याकाळी श्यामलाबाई ते हिरवं लुगडं घेऊन माझ्या आडोशाला तिला भेटली. सरुबाईनं ते परत केलं. हिरवं नेसून ती कुठं जाणार होती. निघताना सरुबाईनं शकूला जवळ ओढलं आणि सांगितलं, “या बाईनं त्या दिवशी तुझा हात सोडला न्हाई. स्वतःचं पोर पाण्यात असताना सोडला न्हाई. तिच्या घराला कधी बोल लावायचा न्हाई.” दिवाळीच्या आत मायलेकी विश्रांतवाडीला, सरुबाईच्या भावाकडे गेल्या.

तो फोटो शाळेच्या कचेरीत लागला, माझ्याच आतल्या अंगाला खिळा ठोकून. काही वर्षांनी बदलून आलेल्या एका कारकुनानं, कुणाला तरी अर्धंमुर्धं विचारून, त्याखाली सुबक अक्षरात लिहिलं: ‘पुरात सात मुलांचे प्राण वाचवणाऱ्या सौ. श्यामलाबाई टेंबे.’ श्यामलाबाईनं ते एकदा वाचलं. तशीच परत गेली. पुन्हा ती कचेरीत कधी आली नाही.

नंतरची माझी वर्षं तुम्हाला माहीत असलेल्या भिंतींसारखीच गेली. निवडणुकीची चिन्हं आली, टायपिंगच्या वर्गाची जाहिरात आली, ‘येथे वाहन लावल्यास हवा सोडण्यात येईल व परत भरून मिळणार नाही’ हे आलं. कोपऱ्यात लोक पान थुंकले. ओल आली. शाळेतली मुलं कमी झाली. मला पाडायचं की ठेवायचं, यावर माझ्यासमोर उभं राहून चर्चा झाल्या, जशा आजारी माणसाच्या खाटेपाशी करतात.

आणि मग यंदा गल्लीच्या मंडळानं ठरवलं की पुणं घडवणाऱ्या स्त्रियांची चित्रं माझ्यावर काढायची. त्या मंडळाचे अध्यक्ष यज्ञेश्वरपंत, निवृत्त बँकवाले. सरुबाईनं ज्यांना खांद्यावर आणलं त्यांतले ते तिसरे. पद्मजानं महिनाभरात चार चेहरे काढले. सोन्याचा नांगर धरलेल्या जिजाऊ. सावित्रीबाई आणि त्यांच्याशेजारी फातिमा शेख. रमाबाई रानडे. मुलं जाता-जाता थांबू लागली. एक म्हातारबा तर सावित्रीबाईंसमोर चपला काढून उभे राहिले. मला इतकी लाज आणि इतका आनंद एकदम कधी वाटला नव्हता.

पाचवी चौकट ‘आपल्या गल्लीची’ म्हणून ठेवली होती. यज्ञेश्वरपंतांनी कचेरीतला फोटो काढून पद्मजाच्या हातात दिला. आजचा दिवस शनिवारचा. उद्या सकाळी नऊला उद्घाटन, पत्रिका वाटून झालेल्या.

गेले आठ दिवस शकू विश्रांतवाडीहून दोन बस बदलून येते. आता ती अडुसष्टची आहे. श्यामलाबाईचं नाव असलेल्या मंडळाच्या फलकाचा फोटो तिच्या नातीनं मोबाइलवर दाखवला म्हणून पहिल्यांदा आली. समोरच्या पायरीवर बसते आणि बघते. एकदाच बोलली. पद्मजा माझी भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवायला निघाली तेव्हा. “राहू द्या की ताई तेवढी,” म्हणाली. का, ते पद्मजानं विचारलं. शकूनं नुसती मान हलवली. आईचा शब्द मोडायची तिची तयारी नव्हती. पण तिचे डोळे माझ्या पाचव्या चौकटीवरून हलत नव्हते. सरुबाईचा एकही फोटो कुठं नाही. आज ती जर रंगली नाही, तर ती होती हे सांगायला या पेठेत काही उरणार नाही.

शेजारी घडीच्या खुर्चीवर श्रीधरपंत बसतात. बहात्तरीला आले. शकूला त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, आणि तेव्हापासून ते तिच्याकडे सोडून सगळीकडे बघतात. आज तर यज्ञेश्वरपंतांनी पाठवलेला चहासुद्धा त्यांच्या हातात गार झाला.

फोटोवर चौकोन आखून तसेच चौकोन माझ्यावर आखून पद्मजा चेहरा उतरवत होती. दुपारी तीनपर्यंत हनुवटी आली. मग ओठ. मग नाक. प्रत्येक रेघेबरोबर श्यामलाबाई माझ्या अंगातून वर येत होती, आणि तिच्यावर माझा राग नाही, मित्रांनो, शपथेवर सांगते. तिनं एका परक्या पोरीचा हात धरून ठेवला होता. पण दुसरीच्या जागी उभं राहायला तिला ना तेव्हा आवडलं, ना आज आवडलं असतं.

तुम्ही मुलं मला विचाराल की भिंतीची काळजी कशी घ्यावी. ओल दिसली तर सांगा, कोपऱ्यात थुंकणाऱ्याला हटका, हे मी मागणारच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. माझ्या अंगावर कुणाचं नाव लिहायच्या आधी गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी घटकाभर बसा आणि ते कुठल्या वाक्याला अडखळतं ते बघा. माझ्यावर रंग एका दिवसात चढतो. उतरायला माणसाचा जन्म जातो.

पाच वाजले. ऊन माझ्यावरून सरकलं. पद्मजानं डोळे पुरे केले, लाल रंगाची डबी उघडली आणि परांचीवरूनच खाली वाकून विचारलं, “काका, फोटो काळा-पांढरा आहे, नीट कळत नाही. आई कुंकू कसं लावायच्या? मोठं, की आडवी चिरी?”

शकूनं पिशवी छातीशी धरली. श्रीधरपंतांनी गार चहाचा कप खाली ठेवला. यज्ञेश्वरपंत घाईघाईनं मध्येच म्हणाले की मोठं काढा, ठसठशीत, लांबून दिसलं पाहिजे, आणि आटपा आता, उजेड जाईल. पद्मजानं बोट रंगात बुडवलं. ते ओलं लाल बोट माझ्यापासून चार अंगुळांवर आलं. मी अंग चोरलं असतं, पण भिंतीला तेही जमत नाही.

“थांब,” श्रीधरपंत म्हणाले.

ते उठले. खुर्ची मागं पडली, ती त्यांनी उचलली नाही. यज्ञेश्वरपंतांनी त्यांचा दंड धरून हळू आवाजात सांगितलं की श्रीधर, पत्रिका गेल्यात, आईंच्या नावाला उगाच बट्टा कशाला. श्रीधरपंतांनी दंड सोडवून घेतला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी शकूकडे सरळ पाहिलं, आणि तिच्याकडे बघत बघतच ते पद्मजाशी बोलले.

“ही माझी आई आहे. ती पाण्यात उतरली नव्हती. आम्हाला सरुबाईंनी, या शकूच्या आईनं, काढलं. मला, या यज्ञेश्वरला, सातही जणांना. आणि सरुबाई विधवा होत्या, म्हणून आमच्या बायकांनी त्यांना पाटावर बसू दिलं नाही.”

पद्मजानं लाल बोट फडक्याला पुसलं आणि शकूकडे वळून विचारलं, “ताई, आई कशा दिसायच्या?”