आजोबांचे ठोसे

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. मार खाणं हा माझा धंदा. जन्मल्यापासून मी दुसरं काही केलं नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. कारखान्यात जाड कातडं शिवून मला घडवलं, पोटात चिंध्या ठासल्या आणि साखळ्या अडकवून एका व्यायामशाळेत टांगलं. पहिल्याच दिवशी एका दांडगटानं असा गुद्दा हाणला, की छताचा गिलावा खाली आला. पुढे कितीतरी वर्षं पोरांनी मला बुकललं, लाथा घातल्या, शिव्या दिल्या. कुणाची बोटं फुटली, कुणाचं मनगट मोडलं, कुणाचं रक्त माझ्या अंगावर वाळून गेलं. हिला पाडून दाखवा, असं प्रशिक्षक नव्या पोरांना सांगायचे. कुणाच्या बापाला जमलं नाही!

मग चकचकीत नव्या बॅगा आल्या. तोवर माझ्या पोटातल्या चिंध्या तळाशी बसल्या होत्या, वरचं अंग पोकळ झालं होतं. मला अडगळीत फेकलं. तिथं उंदरांनी कुरतडलं. मित्रांनो, मार खाण्याचं दुःख मला कधी झालं नाही. पण कुणी हातसुद्धा लावत नाही, याचं दुःख काय असतं, ते मला त्या अडगळीत कळलं.

व्यायामशाळेत सरावाला येणाऱ्या एका मुलीनं मला मागून घेतलं आणि घरी मागच्या खोलीत टांगलं. पोकळ अंग भरायला तिनं माळ्यावर जुन्या कपड्यांचं एक पोतं शोधून काढलं. जाडेभरडे सदरे, विजारी. झटकले की अजून विटांची धूळ उडायची. कुणाचे आहेत हे न विचारता तिनं ते माझ्या पोटात कोंबले.

त्याच खोलीत तिचे आजोबा खुर्चीत बसून असायचे. त्यांनी आयुष्यभर पाडकाम केलं होतं. घणाचे घाव घालून जुन्या इमारती जमीनदोस्त करायच्या, हेच त्यांचं काम. एकदा भिंत अंगावर कोसळली, गुडघा दुखावला आणि मुलानं त्यांना घरी बसवलं. खोटं कशाला बोलू, मुलाचा बापावर फार जीव. पण त्या मायेनंच त्यानं बापाला मोडीत काढलं. बादली उचलू नका, जिना चढू नका, बाजारात जाऊ नका, मी आहे ना! हळूहळू आजोबा जेवेनासे झाले. दाढी करेनात. कुणी काही विचारलं तर नुसतं "हं". मुलानं हौसेनं नवा चष्मा आणला, तर म्हणाले, "कशाला? बघायचं काय राहिलंय आता?" वय झालं की माणूस असाच होतो, असं म्हणून घरचे गप्प बसले. माणूस डोळ्यांदेखत विझत चालला होता हो!

एके दिवशी नात माझ्यावर ठोसे मारत होती आणि सगळे फसत होते. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खांदा कुठाय तुझा? नुसत्या हातानं भिंत पडत नसते." आणि खुर्चीचा हात धरून उठले. त्यांचा पहिला ठोसा बसला तेव्हा माझ्या साखळ्या वाजल्या. जोर बेताचाच होता, पण राग अख्ख्या जन्माचा होता. गुडघ्यावर, त्या भिंतीवर, खुर्चीवर, स्वतःवर, सगळ्यांवरचा राग त्यांनी माझ्यावर काढला. दम लागून खाली बसेपर्यंत त्यांनी मला तुडवलं. त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा जेवण मागून घेतलं.

नातीनं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दम लागला की थांबा, पण सोडू नका, असं डॉक्टर म्हणाले. मग ते रोज उठायला लागले. रोज म्हणजे काय, काही दिवस नुसते भिंतीकडे तोंड करून बसायचे. तेव्हा नात मला मुद्दाम त्यांच्या खुर्चीवर आदळायची. चिडून का होईना, उठायचे. दाढी करायला लागले. नातीला टोमणे मारायला लागले. मुलाच्या कानावर मात्र यातलं काही घातलं नव्हतं.

एक दिवस मुलगा कामावरून लवकर आला. बघतो तर बाप घामानं थबथबलेला, बोटांची सालटी निघालेली, तोंडात शिव्या आणि माझ्यावर दणादण ठोसे. त्याचं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि माझं पोट वरपासून खालपर्यंत फाडलं. "मारून टाकशील माझ्या बापाला!" असं तो लेकीवर ओरडत होता आणि माझी आतडी उपसत होता. फरशीवर कपड्यांचा ढीग पडला. त्यातला बाहीला भोक पडलेला एक निळा सदरा आजोबांनी उचलला.

"हे तर माझे कामाचे कपडे."

मुलगा चाचरला. "आता लागणार नव्हते, म्हणून मीच पोत्यात भरून..."

"माणूस मेला की त्याचे कपडे काढून टाकतात," आजोबा म्हणाले. "मी कधी मेलो, ते मला तरी सांगायचंस."

मुलाच्या हातातली सुरी गळून पडली.

नातीनं मला साखळ्यांवरून खाली उतरवलं आणि आजोबा दुखऱ्या गुडघ्यानं फरशीवर बसले. एकेक कपडा घडी करून त्यांनी माझ्या पोटात ठासला. नातीनं दाभणानं मला शिवलं आणि पुन्हा टांगलं. मग आजोबांनी मुलाला फर्मावलं, "मागून धर हिला."

मुलानं मला छातीशी कवटाळलं. आजोबांनी सगळा खांदा लावून ठोसा हाणला. तो माझ्यातून आरपार गेला आणि मुलाच्या बरगडीत बसला. मुलगा मागे ढकलला गेला.

"लागलं?" बापानं विचारलं.

"लागलं, बाबा."

"मग घट्ट धर."

ठोसे पडत राहिले. मुलाचे डोळे माझ्या पाठीवर पुसले जात होते, पण त्यानं मला सोडलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असंच खुर्चीत विझत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्या हातातली बादली ओढून घेऊ नका. त्यांना उठवा, चालवा, हवं तर भांडा त्यांच्याशी. आणि ते हाणायला लागले, तर पळू नका. थोडं लागेल. लागू द्या.