देर्व्हलाचं मत

देर्व्हला किनली कॉर्कहून युरोपीय संसदेत निवडून आली, त्याला नऊ वर्षं झाली होती. स्ट्रासबुर्गमध्ये तिला जिवाभावाचं असं एकच माणूस होतं, सोलेन. फ्रान्सच्या पूर्वेकडल्या एका लहान गावातून आलेली खासदार. दोघींचे पक्ष वेगळे, पण जेवण एकत्र. सगळ्या देशांत कंपन्यांना एकाच नियमानं कर लागावा, हा मसुदाही दोघींनी दोन वर्षं खपून एकत्र लिहिला होता. जिथे कर कमी तिथे कंपन्या नफा दाखवतात, हे देर्व्हलाला कुणी शिकवायला नको होतं. तिच्याच देशात तर दाखवत होत्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी डब्लिनहून पक्षाच्या नेत्याचा फोन आला. पक्ष कुठलाही असो, आपल्याकडचे सगळे विरोधात जाणार, असं त्यानं सांगितलं. तेवढ्यानं ती बधली नसती. पण मग तिनं सातासमुद्रापार पर्थला भावाला फोन लावला. कॉर्मॅक एकोणिसाव्या वर्षी तिकडे गेला, कारण गावात काम नव्हतं. आई दर नाताळला त्याचं ताट मांडायची. तिच्या शेवटच्या नाताळापर्यंत मांडलं. औषधांचा कारखाना आला तो नंतर, कमी कराच्या ओढीनं. देर्व्हलाच्या दोन्ही मुली आज तिथेच कामाला आहेत आणि दर रविवारी चालत घरी येतात.

"दादा, तू काय केलं असतंस?"

"मला कशाला विचारतेस? मत देणारी तू," तो म्हणाला. "कारखाना सहा वर्षं आधी आला असता तर मी तुझ्या शेजारी राहिलो असतो. मला एवढंच कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं विरोधाचं बटण दाबलं. ठराव तरीही सहज मंजूर झाला. तसं पाहिलं तर कराच्या बाबतीत संसदेनं नुसता सल्ला द्यायचा. शेवटचा शब्द देशोदेशींच्या सरकारांचा, आणि तिथे एक देश अडला की सगळं अडतं.

सोलेन जिन्यापाशी थांबली होती. "तुझ्या मतावाचून काही अडलं नाही. मला मात्र ते हवं होतं. आमच्या गावचा कारखाना उठून तुमच्याकडेच गेला, ठाऊक होतं ना तुला?"

"होतं. म्हणून तर मसुदा लिहिला."

"आणि मत?"

"ते मुलींना दिलं."

त्यानंतर जेवणं तुटली. पुढच्या निवडणुकीला सोलेन उभीच राहिली नाही. देर्व्हलानं दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. वसंतात एकदा स्ट्रासबुर्गला जाताना ती मधेच सोलेनच्या गावी उतरली आणि पत्ता विचारत घरापर्यंत गेली. दार बंद होतं. कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारणीनं सांगितलं, की त्या कॅनडाला गेल्यात, लेकाकडे. इथे त्याला काम मिळेना, म्हणून तो तिकडे गेला. आता नातू झालाय, त्यामुळे परत कधी येतील सांगता येत नाही.

चिठ्ठी ठेवायची का, असं विचारून तिनं कागद आणून दिला. देर्व्हलानं वर सोलेनचं नाव लिहिलं. खाली 'येऊन गेले' एवढंच लिहून तिनं कागद दाराखालून आत सरकवला, आणि गाडीची वेळ होईपर्यंत ती त्या पायरीवरच बसून राहिली.