पाचरीचं दार

फोन वाजला तेव्हा सावळीराम शिडीवर होता. मोहाडीच्या एका पॉलीहाऊसची जाळी बदलायचं काम चाललं होतं. जाळीचं टोक त्याच्या दोन्ही हातांत ताणलेलं होतं. ते सोडलं असतं तर सगळी बाजू ढिली पडली असती. टोक एका हातात घेऊन, दातांत धरलेली जाळी अडकवायची स्प्रिंग त्याने पट्टीत दाबून बसवली आणि मग खाली उतरून फोन घेतला. पलीकडे त्याची मेव्हणी सुलाबाई होती. ती दवाखान्यात त्याच्या बायकोजवळ, सुमनजवळ बसलेली होती. ताप उतरलाय, आता काळजीचं कारण नाही असं वाटतंय, असं सकाळी डॉक्टर म्हणाले होते, म्हणूनच तो कामावर आला होता.

"दाजी, या," सुलाबाई म्हणाली.

का, कशाला, काही नाही. नुसतं या. सावळीरामने पुढे विचारलं नाही. जोडीदाराला कुठली बाजू राहिली ते दाखवलं, हात धुतले आणि गाडीला किक मारली.

सुमन डेंग्यूने गेली. गणपती उठून थोडेच दिवस झाले होते. सावळीरामचा सगळा जन्म लोकांच्या मिरचीला आणि गुलाबाला जाळी लावण्यात गेला होता. मावा, तुडतुडा असली कीड आत येऊ नये म्हणून पॉलीहाऊसला एकापुढे एक अशी दोन दारं करतात. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. हे तो प्रत्येक शेतकऱ्याला हात जोडून सांगायचा. वडाळा रोडच्या त्याच्या भाड्याच्या घराच्या खिडक्या मात्र उघड्याच होत्या. जाळीचा विषय निघाला नव्हता असं नाही. निघाला की सुमनच म्हणायची, भाड्याच्या घराला कशाला, आपलं झालं की लावू. त्यालाही ते पटायचं. अशी भाड्याची घरं बदलत बदलत दोघं म्हातारपणाच्या दाराशी आली होती.

त्यात तिची एक सवय होती. दिवेलागणीला देवापाशी दिवा लावला की ती पुढचं दार सताड उघडायची. लक्ष्मी यायची वेळ. तो चिडायचा, लक्ष्मीच्या आधी मच्छर येतात म्हणायचा. मग ती पंखा मोठा करायची, पण दार काही लावायची नाही.

ती गेल्यावर पालिकेची माणसं येऊन पाहून गेली. बादल्या, फ्रिजमागचं ताट, गच्चीवरची टाकी, सगळं तपासलं. घरात काही सापडलं नाही. बाहेर औषध मारलं. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पाणी साचलं होतं, तिथे तेल टाकलं. तेव्हापासून सावळीरामच्या डोक्यात एकच बसलं होतं, जे आलं ते बाहेरून आलं.

दिवाळी होऊन गेली आणि सटाण्याहून विहीणबाईंचा, गोजराबाईंचा फोन आला. त्याची एकुलती मुलगी प्रतिभा तिकडे दिली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. सुमनने दुपटी शिवून पेटीत ठेवली होती. आता गोजराबाई म्हणाल्या, पोरगी इथेच राहील. घरात बाईमाणूस नाही, आणि ज्या घरातून आई अशी गेली तिथे तान्हं लेकरू कसं न्यायचं? बोलताना त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणून सावळीरामला जास्त लागलं. बाईमाणसाचं सुलाबाईने तिथल्या तिथे मिटवलं, इगतपुरीहून येऊन मी सव्वा महिना राहते म्हणाली. मच्छरांचं कोण मिटवणार? रात्री प्रतिभाने स्वतः फोन केला.

"नाना, मला आईच्या घरी यायचंय. तुम्ही काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी त्याने विहीणबाईंना कळवलं की घर येऊन बघा, मग ठरवा. गोजराबाईंनी पुढच्या रविवारी येते म्हणून सांगितलं.

घरमालक निसारभाई खालच्याच मजल्यावर राहायचे. वयाने लहान, काका म्हणून बोलायचे, सुमनच्या वेळी रात्री गाडी काढून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. पण भिंतीच्या बाबतीत ते कुणाचे नव्हते. एकदा एका भाडेकरूने एसीसाठी भगदाड पाडून ठेवलं होतं, तेव्हापासून.

"काका, जाळी लावा, कितीबी लावा," ते म्हणाले. "पण खिळा नको, स्क्रू नको, आणि ते चिकटपट्टीबी नको. काढताना रंग घेऊन येते ती."

म्हणजे भिंतीला हातच लावायचा नव्हता. सावळीराम दारासमोर बराच वेळ बसून राहिला. मग उठला आणि चौकटीचं माप घेतलं.

त्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची एक चौकट केली, दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल अशी. पॉलीहाऊसची उरलेली पांढरी जाळी स्प्रिंग दाबून तिच्यात मावणाऱ्या लहान चौकटीत ताणली, तेच जाळीचं दार. मोठ्या चौकटीच्या कडेने सगळीकडे मऊ रबर लावलं. ते दार तिच्यातच बिजागऱ्यांवर बसवलं आणि आपोआप मिटावं म्हणून त्याला वजन बांधलं. हे सगळं दारात उभं करून वरच्या बाजूला सागाच्या दोन पाचरी ठोकल्या. रबर दबलं, चौकट घट्ट बसली. पाचर ओढली की पुन्हा सगळं हातात. खिडक्यांना तसंच केलं, न्हाणीघराच्या झरोक्यालाही. चार वेळा चुकलं. एक चौकट वाकडी बसली, ती पुन्हा कापली. कामावरून यायचा, चहा करायचा आणि पुन्हा लागायचा. शेजारची भागीबाई भाकरी देऊन जायची आणि दारातून म्हणायची, "भाऊ, आता माणसं तरी आत येऊ देणार का?"

निसारभाई पाहायला आले. त्यांनी पाचर ओढून काढली, चौकट पुढे घेतली, रंगावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. त्यांनी स्वतःच चौकट परत बसवली आणि पाचर सावळीरामच्या हातात दिली. जाता जाता आपल्या खिडकीचं माप देऊन गेले.

रविवारी गोजराबाई आल्या. उंच, उन्हात रापलेल्या, कांद्याच्या चाळीवर उभा जन्म काढलेल्या. मुलगा महेश, म्हणजे सावळीरामचा जावई, त्यांना सोडून गाडीचं काम करायला द्वारका चौकाकडे गेला. त्या दारापाशीच थांबल्या. जाळी हाताने दाबून पाहिली, रबर दाबून पाहिलं.

"काम चांगलं शे, भाऊ," त्या आपल्या बोलीत म्हणाल्या.

सावळीराम चहा ठेवायला गेला. चहा झाला. स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. बादल्या उपड्या होत्या. मग ती खोली पाहायला गेल्या जिथे प्रतिभा आणि बाळ झोपणार होतं. खाटेवर बसून त्यांनी सुमनने शिवलेली दुपटी उलगडली आणि टाक्यांवर हात फिरवला. तेवढ्यात त्यांचा हात थांबला. त्यांनी दुसऱ्या हाताने दंडावर चापट मारली आणि तळवा सावळीरामपुढे धरला. मच्छर होता. पायांवर पांढरे पट्टे.

"हाई कथाईन उना?" त्या म्हणाल्या. कुठून आला हा?

सावळीरामने उदबत्ती काढली. तो खिडकीपाशी गेला. उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेने फिरवली. फट असती तर धूर हलला असता. धूर सरळ वर जात होता. दुसऱ्या खिडकीपाशी तेच. पुढच्या दारापाशी तेच. गोजराबाई खाटेवर बसून पाहत होत्या. तो स्टूल घेऊन झरोका पाहायला निघाला, तेव्हा त्या उठल्या आणि खोलीचं दार पुढे ओढून त्यामागच्या कोनाड्यात पाहिलं.

"भाऊ, हे पाणी कशाचं?"

कोनाड्यात सुमनचा स्टीलचा तांब्या होता. रात्री ती तो उशाशी घेऊन झोपायची. ती गेली त्या दिवशी, तिला जिथे ठेवलं होतं तिथे पिठावर दिवा ठेवला होता आणि शेजारी तिचाच तांब्या भरून ठेवला होता. जिवाला तहान लागते म्हणून. तेराव्याला सुलाबाईने दिवा उचलला आणि पाणी झाडाला घाला म्हणून बजावलं. सावळीराम हो म्हणाला. मग सगळी निघून गेल्यावर त्याने तांब्या कोनाड्यात नेऊन ठेवला. रोज सकाळी, सुमनची उठायची वेळ व्हायची तेव्हा, कमी झालेलं पाणी वरून भरायचा. कधी एखादं फूल टाकायचा. ओतून कधी दिलं नव्हतं. पालिकेची माणसं आली तेव्हा दिवा तेवत होता. त्या पाण्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि तेव्हा ते पाणी ताजंच होतं.

हे त्याने तुटक तुटक सांगितलं. गोजराबाईंनी तांब्या उजेडाकडे तिरपा केला. सावळीरामने वाकून पाहिलं. कुजक्या पाकळीखाली बारीक अळ्या वळवळत होत्या. वर येत होत्या, खाली जात होत्या.

त्याने सगळ्या घराला जाळी लावली होती आणि त्यांना आत कोंडून ठेवलं होतं.

तो खाली बसला. आता त्या पदर खोचून निघतील आणि हा विषय संपेल असं त्याला वाटलं. गोजराबाई मात्र पुन्हा खाटेवर बसल्या. त्यांच्या मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मी ह्यांची खाट वरीसभर अंगणातून हलवली नाही," त्या म्हणाल्या. "पावसात भिजली तरी नाही. लोक हसायचे. पण भाऊ, खाटेला अळ्या पडत नाहीत."

मग तांब्याकडे हात करून, "मी ओतू का?"

"नाय," सावळीराम म्हणाला. "मीच ओततो."

तुळशीत घालावं असं आधी त्याच्या मनात आलं, पण ओल्या कुंडीत नको. तांब्यावर हात धरून तो जाळीच्या दारातून बाहेर पडला, दार मिटेपर्यंत थांबला आणि जिना उतरला. मागच्या बाजूला उन्हात तापलेली कोरडी माती होती. तिच्यावर त्याने पाणी एका धारेने ओतलं. माती काळी झाली. तो तिथेच उभा राहिला आणि ती पुन्हा पांढुरकी होईपर्यंत हलला नाही. वरच्या खिडकीतून गोजराबाई पाहत होत्या.

तो वर आला तेव्हा दिवेलागण होत आली होती. गोजराबाईंनी काडेपेटी कुठे आहे विचारलं. सुमन गेल्यापासून देवापाशी दिवा लागला नव्हता. त्यांनी वात केली, दिवा लावला, मग सवयीने जाऊन पुढचं लाकडी दार उघडलं. बाहेरचा गार वारा जाळीतून आत आला. जाळीच्या पलीकडे मच्छरांचा एक थवा जिन्याच्या दिव्याभोवती फिरत होता आणि तिथेच राहिला.

महेश खाली येऊन हॉर्न वाजवू लागला. गोजराबाई चपला घालत म्हणाल्या, "सातव्यात पोरीला पाठवते. आणि पाणी रोज बघत जा."

प्रतिभा आता याच खोलीत झोपते. सुलाबाईही आली आहे. ती दिवेलागणीला दार उघडते आणि सावळीराम आता चिडत नाही. निसारभाईंच्या खिडकीची चौकट करून झाली. सुमनचा तांब्या ओट्यावर पालथा असतो. आत पाणी जिथवर असायचं तिथे एक पांढरी कड धरली आहे. प्रतिभाने एकदा घासायला घेतला होता, तेव्हा त्याने तो तिच्या हातातून घेतला आणि मी घासतो म्हणाला. तो अजून घासायचा राहिला आहे.