चौदा नंबरची जर्सी

वर्ल्ड कप जर्मनीत व्हायचा होता, त्याच्या आदल्या सप्टेंबरात माझ्या नवऱ्याच्या, देवदत्तच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमला नवा ट्रेनर आला आणि अख्ख्या टीमचं धुणं माझ्या गळ्यात पडलं.

आधीचा ट्रेनर देवमाणूस. सगळ्यांना थोडं थोडं खेळवायचा आणि टीम दर मॅच हरायची. हे केसलर आले आणि टीम चक्क जिंकायला लागली. त्यांचा नियम म्हणे असा, की जर्सींची बॅग प्रत्येकाने आळीपाळीने घरी न्यायची, धुवायची. ठीक आहे म्हटलं. पण आपली पाळी दर शनिवारी कशी येते, ते मला कळेना. "अगं, बाकीच्यांच्या परीक्षा आहेत," देवदत्त म्हणायचा. परीक्षा काय वर्षभर चालतात?

मी तेव्हा र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक टेस्टिंगला होते आणि माझा नवरा रोज ट्रेनने दार्मश्टाटला पीएचडी करायला जायचा. एकदा त्याने चिखलासकट जर्सी मशीनमध्ये कोंबल्या आणि तळघरात पाणी तुंबवलं, तेव्हापासून धुणं माझ्याकडे. रविवारी मशीन लावायला बिल्डिंगमध्ये बंदी. त्यामुळे शनिवारचा चिखल सोमवारपर्यंत बॅगेत वाळायचा आणि मी ऑफिसातून येऊन, मनातल्या मनात केसलरचा उद्धार करत, एकेक जर्सी घासत बसायची.

घासता घासताच लक्षात आलं. चौदा नंबरची, म्हणजे आमच्या साहेबांची जर्सी. तिची घडीसुद्धा मोडलेली नसायची.

"राजेसाहेबांनी आज घाम गाळलेला दिसत नाही," मी चेष्टेने म्हटलं.

"ग्राउंड कोरडं होतं," तो म्हणाला. बाकीच्या सगळ्या जर्सी चिखलाने बरबटलेल्या आणि ग्राउंड याच्यापुरतं कोरडं.

पुढच्या सोमवारी चौदा नंबरवर चिखल होता. फक्त छातीवर, हाताने फासलेला. बोटं उमटलेली दिसत होती. पाठ कोरी करकरीत, आणि घामाचा वाससुद्धा नाही. मी तिथेच तळघराच्या पायरीवर बसले. रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला त्या केसलरचा. माझ्या नवऱ्याला बाकावर बसवतो काय, आणि वर धुणीही माझ्याकडूनच धुवून घेतो काय. एकदा त्याला सुनवायचंच, असं मी ठरवून टाकलं.

सीझनच्या शेवटच्या मॅचला मी न सांगता गेले. हाफटाइमला देवदत्त पोरांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता. मी सरळ केसलरसमोर जाऊन उभी राहिले आणि माझ्या कारखान्यातल्या जर्मनमध्ये विचारलं, "मी देवदत्तची बायको. जर्सी दर आठवड्याला आमच्याकडेच का?"

ते गोंधळले. "त्यानेच मागून घेतल्या," हळू आवाजात म्हणाले. "सुरुवातीलाच मी त्याला सांगितलं होतं, तू कमी पडतोस, टीममध्ये जागा नाही. तो म्हणाला, जर्सी मी धुतो, मला फक्त बाकावर बसू द्या. मला नाही म्हणवलं नाही."

मी वळून पाहिलं. इन्स्टिट्यूटमध्ये दिवसभर याच्याशी कुणी दोन शब्द धड बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. इथे मात्र दमलेली पोरं बाटली घेता घेता त्याच्या गळ्यात हात टाकत होती, "डेवा, डेवा" करत होती आणि हा हसत होता. घरी असा हसून त्याला कितीतरी दिवस झाले होते. माझं भांडण घशातच राहिलं.

टीम जिंकली. सगळे पांगल्यावर तो बॅग घेऊन आला. चेहरा उतरलेला.

"ट्रेनरशी काय बोलत होतीस?"

"डागांबद्दल."

"कुठले डाग?"

"तुझ्या जर्सीवरचे. पाण्यात घातली की लगेच निघतात."

तो बॅगेच्या बंदाशी चाळा करत उभा राहिला. मग म्हणाला, "ऊर्मिला, वर्षभरात मी एक मिनिटही खेळलेलो नाही."

"माहितीये. धुतंय कोण?"

त्याचे डोळे भरून आले. "पुढच्या वर्षी नाही येणार मी. तुला उगाच ताप."

"यायचं," मी म्हटलं. "गपचूप यायचं, बाकावर बसायचं. फक्त चिखल फासायचा नाही. मला काम वाढतं."

मी बॅगेचा एक बंद धरला, दुसरा त्याने धरला आणि आम्ही स्टेशनकडे निघालो.