मागून न दिलेली हाक

ट्रक बाहेर काढण्याआधी इंजिनातलं ऑइल, पाणी, टायरमधली हवा, सगळं ड्रायव्हरला एकट्याला बघता येतं. ब्रेकचा दिवा मात्र बघता येत नाही. पाय ब्रेकवर असताना डोळे ट्रकच्या मागे कसे जाणार? त्यासाठी दुसऱ्या माणसाला मागे उभं राहावं लागतं. मरोळच्या एका गोदामात धाकू आणि नंदू हे दोघे ड्रायव्हर हे काम रोज सकाळी एकमेकांसाठी करायचे. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागून ओरडायचं, "पेटला रे!"

मग दोघांचं बिनसलं. नंदूच्या ट्रकचा एक टायर पार गुळगुळीत झाला होता. सांगूनही तो ऐकेना, तेव्हा धाकूने ते सुपरवायझरच्या कानावर घातलं. टायर बदलेपर्यंत ट्रक गोदामातच उभा राहिला आणि नंदूची गावाकडची फेरी हुकली. सगळ्यांसमोर तो धाकूवर भडकला, "चुगलखोर साला! यार म्हणवतोस आणि काड्या करतोस?" तेव्हापासून अबोला.

सोमवारी सकाळी नंदूचा ट्रक फाटकाशी थांबला. मागे उभ्या असलेल्या धाकूला लाल काही दिसलं नाही. दोन्ही दिवे बंद! हाक अगदी ओठांवर आली होती. पण मनात आलं, 'कशाला? परत चुगलखोर म्हणेल. कळेल त्याचं त्याला.' ट्रक निघून गेला.

दुपारी बातमी आली. पवईच्या उतारावर नंदूने ब्रेक मारला आणि मागून येणारी स्कूटर ट्रकवर आदळली. स्कूटरवर घाटकोपरची भाविका नावाची तरुण मुलगी होती. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ट्रकचे मागचे दिवे धडकेत फुटले होते. नंदूने पोलिसांना सांगितलं, "सकाळी तपासले होते साहेब, चालू होते. पोरगीच सुसाट आली."

रात्री जोगेश्वरीच्या आपल्या खोलीत धाकू जेवायला बसला. ताटावरच त्याने बायकोला, रुक्मिणीला, सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही बघितलंत?" तिचा हात भाताच्या टोपावरच थांबला.

"हो. पण चूक त्याची ना! खाली उतरून कोणालातरी विचारायला काय झालं होतं त्याला?"

"असेल त्याची चूक. पण अहो, तो दिवा नंदूला कधी दिसतो काय? तो मागून येणाऱ्यासाठी असतो. राग तुमचा नंदूवर. मग त्या पोरीने, त्या चेडवाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

लाल दिवा दिसला की मागच्याचा हात आपोआप ब्रेकवर जातो. तो नसेल, तर पुढची गाडी थांबतेय हे डोळ्यांना कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. हे धाकूला इतक्या वर्षांच्या ड्रायव्हिंगनंतर कोणी शिकवायची गरज नव्हती.

"आता बोललो, तर नंदूची वाट लागेल गं. लायसन जाईल त्याचं."

"आणि गप्प बसलात, तर ती पोर जन्मभर ऐकेल, की तुझ्याच चुकीने तुझा पाय गेला."

अरे देवा! हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पोलीस चौकीत गेला. नंदू बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. धाकूने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "दिवे सकाळीच बंद होते, साहेब. मी बघितले होते."

नंदू अंगावर धावून येईल असं त्याला वाटलं होतं. तो जागचा हललाही नाही.

"बघितलं होतंस?" त्याने हळूच विचारलं. "मग ओरडला का नाहीस रे?"

धाकू हवालदाराकडे वळून म्हणाला, "मी बघून गप्प बसलो, तेही लिहा."

मित्रहो, आपली गाडी रोज तपासणं हे ड्रायव्हरचं काम आहे आणि नंदूने ते केलं नाही. पण दुसऱ्याच्या गाडीतला दोष सांगण्याला आपण चुगली म्हणत राहिलो, तर असे पाय जातच राहतील. दोष दिसला की त्याच क्षणी हाक मारा. समोरचा रागावेल, खुशाल रागावू द्या!